चाकाचे नट आणि टॉर्क पाना : किती आवळावे, कसे आवळावे

म्हैसूर शहर राजवाडा आणि दसऱ्यासाठी प्रसिद्ध असले, तरी वाहनाच्या चाकाशीही या शहराचे नाते जुने आहे. यादवगिरी भागातील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत मोटारसायकली तयार होत असत. येथील विक्रांत टायर्स ही कंपनी १९९७ मध्ये जे. के. टायर समूहाकडे गेली. पुण्याच्या कल्याणी समूहाच्या भागीदारीतून १९८१ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही कंपनी हूटगळ्ळी औद्योगिक वसाहतीत अवजड वाहनांचे ॲक्सल तयार करते. टायर आणि ॲक्सल दोन्ही घडवणाऱ्या या शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर चाक गाडीला धरून ठेवणारे चार-पाच नट मात्र, देशात इतरत्र होते त्याप्रमाणेच, बहुधा अंदाजाने आवळले जातात.

बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन १२ मार्च २०२३ रोजी झाले. सुमारे ११८ किलोमीटरच्या या मार्गावर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. या वेगाने जाणाऱ्या लहान मोटारीचे चाक एका सेकंदात सुमारे १५ वेळा फिरते आणि पूर्ण प्रवासात त्याचे ६४ हजारांच्या आसपास फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात चाकाच्या जोडणीवर एकदा इकडून आणि एकदा तिकडून ताण येतो. सैल राहिलेला नट घराजवळच्या रस्त्यावर कदाचित काही दिवस निभावून नेईल. अशा मार्गावर तो धोका फार लवकर समोर येतो.

गाडीचे वजन नटांवर किंवा बोल्टांवर टांगलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. नट आवळला की बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या रबराप्रमाणे मूळ लांबीकडे परतण्याचा प्रयत्न करतो. या ओढीमुळे चाकाची रिम हबवर घट्ट दाबली जाते, आणि त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण चाकाला जागेवर ठेवते. बारा मिलिमीटर व्यासाच्या बोल्टवरील नट १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला, तर साधारण चार टनांचा दाब निर्माण होतो. चार नटांचा मिळून तो सोळा टनांच्या घरात जातो. हा दाब कमी पडला की रिम हबवर सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते. अशा आडव्या हालचालीमुळे नट आपोआप उलटा फिरतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले होते.

टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर. पान्यावर लावलेला जोर आणि पान्याची लांबी यांच्या गुणाकाराने तो मोजला जातो. गाडीसोबत मिळणारा व्हीलपाना २५ सेंटीमीटर लांब आहे असे धरल्यास, त्याच्या टोकावर सुमारे ४० किलोचा भार दिला की १०० न्यूटन-मीटर पूर्ण होतात. सत्तर किलो वजनाचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला, तर टॉर्क १७० च्या पुढे जातो. त्याने उडी मारली, किंवा पान्याला पाइप जोडून लांबी दुप्पट केली, तर त्याला काही मर्यादाच राहत नाही. आपल्याकडे या दोन्ही पद्धती सर्रास दिसतात, आणि त्या करणाऱ्याचे गाडीमालक कौतुकही करतो! हवेच्या गनने सगळे नट एका दमात आवळणे हाही त्यातलाच प्रकार आहे.

जास्त आवळलेला नट सुरक्षित असतो, हा समज सैल नटाइतकाच घातक आहे. बोल्ट त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला गेला की तो पूर्वस्थितीला येत नाही. त्याची पकड कमी होते, आटे खराब होतात आणि एखादे दिवशी तो तुटतो. नट कमी-जास्त आवळले गेल्यास ब्रेकची डिस्क किंचित वाकून ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू शकते. शिवाय रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतील पान्याने नट सुटतच नाही. म्हैसूरहून गुंडलुपेटमार्गे उटीकडे जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पुढे बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या रस्त्यावर थांबण्यास मनाई आहे आणि रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत सर्वसाधारण वाहतूक बंद असते. त्यामुळे नटांची तपासणी गुंडलुपेट सोडण्यापूर्वी झालेली बरी.

या दोन टोकांमधील योग्य बिंदू दाखवणारे साधन म्हणजे टॉर्क पाना, अर्थात टॉर्क रेंच. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा विभागातील कॉनराड बार यांनी जलवाहिन्यांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत, यासाठी तो तयार केल्याचे सांगितले जाते. आज सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकारात मुठीजवळ आकड्यांची पट्टी असते. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा. तेवढा टॉर्क झाला की पान्यातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि हाताला हलका झटका जाणवतो. पाना तेथे आपोआप थांबत नाही. ओढत राहिल्यास नट आवळला जातच राहतो, म्हणून आवाज येताच हात थांबवणे आवश्यक आहे. खात्रीसाठी तीन-चार वेळा टक्-टक् करण्याची सवयही टाळावी.

आकडा किती लावायचा, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. लहान मोटारींसाठी तो साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, मोठ्या गाड्यांसाठी त्याहून अधिक. टोयोटाच्या अनेक मोटारींसाठी तो १०३, तर होंडाच्या अनेक मोटारींसाठी १०८ आहे. काही पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर हे एकक वापरलेले असते, त्याला ९.८ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

प्रत्यक्ष काम करताना प्रथम हब आणि रिम यांच्यातील गंज व चिखल साफ करावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. पुस्तिकेतील आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो, आणि तेलामुळे घर्षण घटले की त्याच टॉर्कवर बोल्टवरील ताण एकतृतीयांशापर्यंत वाढू शकतो. नट हाताने काही आटे फिरवून बसवावेत. नटाची निमुळती बाजू रिमच्या खाचेकडे असावी. त्यानंतर साध्या पान्याने बेताचे आवळून, टायर जमिनीला टेकेल इतका जॅक खाली घ्यावा, म्हणजे चाक फिरत नाही. आता टॉर्क पाना लावावा. चार नट असतील तर समोरासमोरच्या जोडीने, पाच असतील तर एक सोडून एक, असा क्रम ठेवावा. पहिल्या फेरीत निम्म्या आकड्यापर्यंत, दुसऱ्या फेरीत पूर्ण आकड्यापर्यंत आवळणे चांगले. पाना मुठीच्या मध्यावर धरून संथपणे ओढावा. झटका दिल्यास मोजमाप चुकते.

चाक बदलल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासावेत. रंगाचा थर किंवा गंज दबून बसल्याने दाब थोडा कमी होतो. नव्या अलॉय चाकांच्या बाबतीत ही तपासणी टाळूच नये. रस्त्यात टॉर्क पाना जवळ नसेल, तर व्हीलपाना केवळ हाताच्या जोराने, पाय न देता आवळावा आणि पुढच्या गावातील गॅरेजमध्ये मापाने तपासून घ्यावा. ट्रकसाठी मात्र हे साधन वेगळेच लागते, कारण तेथे आकडा ६०० च्या आसपास असतो. जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, त्यामुळे अशी जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी जोर लावण्यापूर्वी दिशा पाहावी.

टॉर्क पाना नट सोडवण्यासाठी वापरू नये. काम झाल्यावर त्याचा आकडा पट्टीवरील किमान खुणेवर आणून ठेवावा, अन्यथा आतील स्प्रिंग सतत दाबाखाली राहून आकडे चुकू लागतात. दर ५ हजार वापरांनंतर किंवा वर्षातून एकदा त्याचे मापांकन करून घेणे अपेक्षित असते. पाना उंचावरून पडला असेल, तर वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहता तो तपासून घ्यावा.