मोटारींचे साचे आणि दोन कारखान्यांची रीत

खेळण्यांच्या इतिहासांत अभ्यासण्यासारखें काय आहे, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. आमचें उत्तर असें कीं, समाज मुलांच्या हातीं काय देतो, यावरून तो कशास मोल देतो हें कळतें. सुटे भाग जोडून करावयाच्या प्लॅस्टिकच्या लहान मोटारींचेंच उदाहरण घेऊं.

अमेरिकेंत डेट्रॉइटच्या परिसरांत १९४८ सालीं ए. एम्. टी. हा कारखाना निघाला. मोटारविक्रेत्यांना जाहिरातीसाठीं तयार प्रतिकृति पुरविणें हें त्याचें मूळ काम. त्यांतूनच १९५८ सालीं १/२५ प्रमाणाचे जोडणीचे संच निघाले. एकाच पेटींतील भागांतून मूळ रूपाची, नटविलेली किंवा शर्यतीची, यांपैकीं हवी ती मोटार मुलानें करावी, ही त्यांतील युक्ति. अमेरिकन मोटार दरसाल रूप पालटी, तिच्याबरोबर संचहि पालटे, आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानीं येई.

जपानांत शिझुओका येथें योशिओ तामिया यांनीं १९४६ सालीं लांकडाचा धंदा सुरू केला. पुढें त्यांच्या लांकडी प्रतिकृति परदेशी प्लॅस्टिकपुढें टिकेनात. १९६० सालीं काढलेली ‘यामातो’ ही प्लॅस्टिकची युद्धनौका स्पर्धेंत हरली. ‘पँथर’ रणगाड्यानें डाव सांवरला. तेव्हांपासून रेखीव साचा आणि सुबोध सूचनापत्रक यांवर त्यांनीं भर दिला. पोर्श ९३४ ची प्रतिकृति करतांना शुनसाकु तामिया यांनीं खरी पोर्श ९११ विकत घेऊन तिचे सांधे सोडविले. १९७६ सालीं त्याच प्रतिकृतीचें बाह्यांग वापरून बिनतारी नियंत्रणाची मोटारहि निघाली. अचूकपणाहि धंद्यास पोषक ठरतो तो असा.

मग श्रेष्ठ कोण? भाग एकमेकांत बिनचूक बसण्यांत तामियाचा हात धरणारे थोडे. परंतु ए. एम्. टी.च्या मोटारीचें बॉनेट उघडलें कीं आंत एंजिन दिसे. तामियाच्या १/२४ प्रमाणाच्या पुष्कळ मोटारींत एंजिनच नाहीं. एकानें मुलास मोटार बदलण्याची मुभा दिली, दुसऱ्यानें ती बारकाईनें पाहावयास शिकविलें.

तथापि अमेरिकन रीतींत एक मोठा दोष होता. नव्या सालाची मोटार काढावयाची म्हणून जुन्याच साच्यांत फेरफार करीत. त्यामुळें गेल्या सालच्या कित्येक मोटारी पुन्हा ओततां येईनात. १९७८ सालीं हा कारखाना लेस्नी या ब्रिटिश कंपनीकडे गेला, आणि मालकी पुढेंहि बदलत राहिली. तामिया मात्र आजहि शिझुओका येथेंच आहे व आपले जुने संच अधूनमधून पुन्हा बाजारांत आणतो.

ज्यांनीं बालपणीं ते अमेरिकन संच जोडले, ते आज उतारवयांत त्यांचा शोध करितात, आणि कित्येकदां मोडकी प्रतच हातीं येते. नवें अवश्य काढावें. पण त्यासाठीं जुना साचा मोडूं नये, एवढें आम्हांस या लहानशा इतिहासावरून सांगावेंसें वाटतें.