चामड्याचे टोक

मुंबईहून निघालेली गाडी मनमाड आणि नांदगाव मागे टाकून चाळीसगावात येते, आणि पुढे जळगाव, भुसावळ, खांडवा, इटारसी करीत जबलपूरला पोहोचते. हा लोहमार्ग १८७० साली जबलपूरपर्यंत पुरा झाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे रुळांनी जोडली गेली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७५ साली, जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी काही रंगीत चेंडू मांडले आणि स्नूकर हा खेळ जन्मास आला. १८८२ साली उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. पुढे या जन्मकथेविषयी वाद उत्पन्न झाला, तेव्हा १९३८ साली वृद्ध चेंबरलेनने स्वतः पत्र लिहून आपला दावा मांडला आणि तो मान्य झाला. मुंबई बंदरात उतरलेले पाटीच्या दगडाचे वजनदार टेबल रेल्वेने जबलपूरला न्यायचे, तर वाट खानदेशातून, चाळीसगावावरूनच जाणार. आपल्या गावावरून काय काय गेले, याची नोंद गावाने सहसा ठेवलेली नसते.

स्नूकरच्या इतिहासात अधिकारी आहे, क्लब आहे, नियमांचा कागद आहे. परंतु ज्या एका वस्तूवाचून हा खेळ संभवतच नाही, ती मात्र तळटीपेतच राहते. ती वस्तू म्हणजे क्यूच्या टोकावर बसवलेली चामड्याची चकती. तिला सर्वत्र ‘टिप’ म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला खरा, पण नेमके ‘टिपणे’ हे क्रियापद आपल्याकडे आधीपासून होतेच. त्यामुळे तो मराठीत परका वाटत नाही. प्रस्तुत लेखात या चकतीच्या निमित्ताने मला एक वेगळाच प्रश्न विचारायचा आहे: एखाद्या कौशल्याचा इतिहास लिहिताना आपण कोणाचा हात पाहतो आणि कोणाचा पाहत नाही?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत क्यूचे टोक उघड्या लाकडाचे असे. लाकूड गुळगुळीत चेंडूवर ठरत नाही. मध्यबिंदूपासून जरा बाजूला फटका मारला की ते निसटते, म्हणून खेळाडूला चेंडू सरळ ढकलण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. फ्रान्समधील मँगो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने, परंपरा सांगते त्याप्रमाणे तुरुंगवासात, टोकाला चामडे लावून पाहिले. १८२७ साली पॅरिसमध्ये त्याचे पुस्तक निघाले, आणि चेंडूला मागे, पुढे वा बाजूला फिरकी देण्याची कला युरोपभर पसरली. चामड्याला खडूची जोड मिळाली. आज आपण ज्याला खडू म्हणतो त्यात खरा खडू नसतोच. १८९७ सालच्या एका अमेरिकी पेटंटापासून सिलिका आणि कुरुंदासारख्या कठीण पदार्थांची पूड वापरात आली. चामड्याचे तंतू ही पूड धरून ठेवतात आणि पूड चेंडूला धरते. हा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका टिकतो. खेळाडूचे सारे अभ्यासकौशल्य त्या क्षणातूनच चेंडूत उतरायचे असते.

म्हणून टिप निवडणे हे अंगठी निवडण्यासारखे हौसेचे काम नव्हे. स्नूकरच्या क्यूचे टोक साधारण साडेनऊ ते दहा मिलिमीटर व्यासाचे, तर मोठ्या चेंडूंच्या पूलसाठी बारा-तेरा मिलिमीटरचे असते. चकती पितळी टोपणाइतकी किंवा किंचित मोठी घ्यावी. लहान घेतली तर कडा उघडी पडते आणि पुढे कशानेच ती भरून निघत नाही. मऊ टिप खडू चांगला धरते आणि फिरकी सहज देते. पण ती लवकर बसते, कडेने छत्रीसारखी पसरते, वारंवार आकार द्यावा लागतो. कठीण टिप आकार राखते, फटका खणखणीत लागतो. पण ती गुळगुळीत झाली की खडू धरीत नाही आणि ऐन वेळी निसटते. अखंड दाबलेल्या चामड्याच्या टिपा स्वस्त असतात, परंतु एकाच पेटीतल्या दोन टिपा सारख्या निघतील याची खात्री नसते. अलीकडे डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेल्या जपानी टिपांना मागणी आहे. त्या महाग, पण एकसारख्या असतात. नवशिक्याने मध्यम कठीणपणाची घ्यावी आणि महिनोन्‌महिने बदलू नये, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. हाताला एक स्पर्श ओळखीचा होण्यास तेवढा काळ लागतोच.

बसवण्याची रीत सोपी वाटते. जुनी टिप पात्याने काढायची, टोपणावरचा वाळलेला गोंद खरवडून पृष्ठभाग अगदी सपाट करायचा. इथे एका बाजूला जरा अधिक घासले गेले की पुढचे सारे वाकडे जाते. नव्या टिपेची पाठ कानशीने खरखरीत करायची, गोंदाचा थेंब टाकायचा, चकती मधोमध बसवून दाबून धरायची आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मग क्यू उलटा करून टिप कठीण फळीवर टेकवायची आणि धारदार पात्याने बाहेर आलेली कड टोपणाशी समतल कापायची. वरचा भाग लहान नाण्याच्या कडेच्या वळणाइतका घुमटाकार करायचा. अखेरीस कड किंचित ओली करून कापडाने जोरात घासायची, म्हणजे ती घट्ट होते आणि पसरत नाही. ओली करण्यास पाणी चालते, पण पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे ती थुंकी.

वसाहतकाळातील क्लबांमध्ये हे काम मार्कर करीत असे. गुण मोजणे, लव उलटणार नाही अशा दिशेने कापड झाडणे, त्यावर इस्त्री फिरवणे, टिपा बसवणे आणि सभासदाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळणे, ही त्याची कामे. टेबल कोणत्या कोपऱ्याकडे झुकते आणि कोणत्या साहेबाचा क्यू कसा चालतो हे त्याला ठाऊक असे. परंतु तो पगारी नोकर. हौशी खेळाडूंच्या स्पर्धांत पगारी माणसाला स्थान नव्हते. ज्याचा खेळ सर्वांत जाणता, त्याचे नाव फळ्यावर नाही, अशी ही व्यवस्था.

आता चामड्याकडे पुन्हा वळू. खानदेशात विहिरीवर मोट चाले, आणि मोटेचा मोठा भाग चामड्याचा असे. त्या मोटेने उपसलेले पाणी पाटात पडले की शुद्ध ठरे. मोट शिवणाऱ्या माणसाला मात्र गावच्या विहिरीचा काठ वर्ज्य होता. वस्तू चालते, तिला घडवणारा हात चालत नाही, हा आपल्या समाजाचा जुना हिशेब आहे. क्लबातला हिशेब याहून फार निराळा नव्हता. चामडे आणि थुंकी ही दोन्ही विटाळाच्या यादीतली. पण क्यू हाती आला की सभासदाला त्यांची आठवण राहत नसे.

या हिशेबाची दुसरी, अधिक क्रूर बाजू चाळीसगावाने १९२९ साली पाहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याकडे एका बहिष्काराच्या चौकशीस गेले होते. परतताना चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांच्या आग्रहास्तव ते येथे उतरले. स्टेशनावरील एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी: टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. पाहुण्याची अप्रतिष्ठा नको म्हणून ज्याने कधी टांगा हाकलाच नव्हता अशा माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलाशी चाक दगडाला अडले, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. ज्यांनी टांगा हाकला त्यांच्यावर त्यांचा रोष नाही. बॅरिस्टरापेक्षाही स्वतःला श्रेष्ठ मानण्याची मुभा टांगेवाल्याला देणाऱ्या व्यवस्थेवर त्यांचे बोट आहे.

टांगा आणि टिप यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. एकात खेळ आहे, दुसऱ्यात माणसाचा जीव. पण दोन्हींतून एकच गोष्ट कळते. कौशल्य ही कोणाची उपजत देणगी नसते. ते कोणाला शिकू दिले जाते आणि कोणासाठी वापरले जाते, हे समाज ठरवतो. क्लबात जाणत्या हाताचे काम घेतले गेले आणि मान नाकारला गेला. चाळीसगावात जाणता हात होता, तो मुद्दाम मागे घेतला गेला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हाडांनी मोजली.

हा इतिहास तसाच गोठून राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९२२ साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कोणत्याही खेळातील भारताचे ते पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद मानले जाते. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. पुढे मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते १९७७, १९८१ आणि १९८३ अशा तीन वर्षी जिंकले. साहेबाच्या क्लबातला खेळ या देशाचा झाला. या खेळाडूंच्या क्यूंना टिपा कोणी बसवल्या, हे मात्र विक्रमांच्या पुस्तकात नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटू नये. आपणही ग्रंथ वाचतो, लेखकाचे नाव लक्षात ठेवतो आणि खिळे जुळवणाऱ्याचे विसरतो. इतिहासलेखनाचे खरे काम कदाचित टिप बसवण्यासारखेच आहे: जुना वाळलेला गोंद आधी खरवडून काढायचा, पृष्ठभाग सपाट करायचा, आणि मगच नवे काही त्यावर बसवायचे. खरवडण्याचा कंटाळा केला, तर टिप पहिल्याच जोरकस फटक्याला निखळून पडते.