पितळी पुंगळीची घडण

रायफलीचा बार उडाल्यावरही काडतुसाची पितळी पुंगळी शाबूत राहते. तिचे तोंड आवळून किंवा रुंदावून दुसऱ्या मापाचे काडतूस घडवता येते. अमेरिकेत हे काम हौशी नेमबाज घरी करतात. हिंदुस्थानात मात्र या घडणीला वळण लावले ते कायद्याने आणि इथल्या हवेने.

1866 मध्ये ब्रिटिश फौजेला मिळालेल्या स्नायडर रायफलीची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. 1871 च्या मार्टिनी-हेन्री रायफलीसाठी त्याच .577 इंच मापाच्या पुंगळीचे तोंड .450 इंचापर्यंत आवळण्यात आले. तापलेल्या नळीत हा पत्रा फाटून अडके, म्हणून पुढे अखंड ओढीव पुंगळी आली. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेची चकती दाबून आधी वाटी करायची, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांबवायची. प्रत्येक ओढीला पितळ कडक होते, म्हणून मध्ये मध्ये तापवून ते मऊ करावे लागते. पुण्याजवळ खडकीला 1869 मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला. ‘के.एफ.’ ही इंग्रजी अक्षरे बुडावर असलेली पुंगळी म्हणजे खडकीचा माल.

1878 च्या शस्त्र कायद्याने जनतेच्या हाती शस्त्र जाण्यावर कडक निर्बंध आले. मार्टिनीच्या मापाचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .450 मापाच्या आयातीवर बंदी घातली. मग वाघ-गव्यांच्या शिकाऱ्यांसाठी विलायती बंदूककारांनी .500 ची पुंगळी आवळून .470 आणि .465 ही नवी मापे काढली, त्यांपैकी .465 हॉलंड अँड हॉलंडने 1907 मध्ये आणले. फौजेच्या .303 वरही नागरिकांना निर्बंध होते. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचे 8 मिलिमीटरचे काडतूस इथे .315 या नावाने रूढ झाले.

हवेचा प्रश्न वेगळा होता. पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या तोंडाशी, गोळी घट्ट आवळलेल्या जागी, आपोआप तडे जात. साठा घोड्यांच्या तबेल्यांजवळ असला की हे हमखास घडे. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये कारण दाखवून दिले: आवळताना पितळेत ताण उरतो, आणि मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या धातूला चिरतो. बेताची आच देऊन ताण घालवणे आणि साठा अमोनियापासून दूर ठेवणे, हे त्यावरचे उपाय. पुंगळीला नवे रूप देताना तापवण्याला इतके महत्त्व का, हे या शोधाने पक्के झाले.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. म्हणून ही घडण कारखान्यांतच राहिली. 1964 मध्ये भुसावळजवळ वरणगावचा कारखाना उभा राहिला. 2021 पासून खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत.