क्युरेटिंगपासून सोनोग्राफीपर्यंत
चाळीसगावात नर्स म्हणून लागले, तेव्हा 'अंगावरून फार जातं' म्हणणाऱ्या बाईला आम्ही आधी पाळीची तारीख विचारायचो, मग दिवसाला किती घड्या भिजतात ते. पुढे हिमोग्लोबिन आणि क्युरेटिंग. 1843 साली फ्रान्सच्या रेकामिये यांनी आणलेलं खरवडायचं हत्यार आमच्याही ट्रेमध्ये असे. भूल देऊन गर्भपिशवीचं अस्तर काढायचं, फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून धुळे पॅसेंजरने तपासणीला पाठवायचं. पण अंदाजाने फिरणाऱ्या हाताला कोपऱ्यातला पॉलिप चुकायचा. दुर्बिणीतून असा पॉलिप पँटालिओनी या डॉक्टरांनी 1869 मध्येच साठीच्या बाईत पाहिला होता. सोनोग्राफी आली आणि गाठी, अस्तराची जाडी आधीच दिसू लागली. आता बारीक नळीने, भुलीशिवाय नमुना निघतो. पाळी गेलेल्या बाईला मात्र डाग दिसला, तर तपासणी टाळू नये.