कापूस घरात, सूत परके: वर्ध्याच्या टकळीचा वाद

१/ वर्ध्याहून यवतमाळकडे निघाले की वाटेत देवळी लागते. हा कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत येथे अंगणात, पडवीत, कधी राहत्या खोलीतही पांढरे ढीग दिसतात. मात्र त्या ढिगातून हाताने धागा काढू शकणारे माणूस आज घरात क्वचितच सापडते. घरच्या घरी शिकायची हस्तकला म्हटली की आपल्याला मातीकाम आठवते, क्रोशाचे विणकाम आठवते. सूतकताई आठवत नाही. ती घरातून कशी गेली आणि शाळेच्या दाराने परत आणण्याचा प्रयत्न कसा झाला, त्याचा हा धागा.

२/ आधी जुनी रीत. हातचरखीवर सरकी वेगळी करायची, कापूस पिंजायचा, त्याचे पेळू वळायचे आणि मग कातायचे. पेळू किती सैल ठेवावा, धागा कोणत्या क्षणी तुटेल, हे सांगून समजत नाही. ते बोटांना कळावे लागते. मुली ते थोरल्या बायकांशेजारी बसून शिकत. अभ्यासक्रम नव्हता, कारण गरज होती.

३/ या घरगुती विद्येला जातीची चौकटही होती, हे विसरून चालणार नाही. नागपूर-वऱ्हाडाच्या पट्ट्यात जाडेभरडे कापड विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर महार विणकरांकडे, तर तलम काम कोष्ट्यांकडे होते. ‘गावाची कला’ असे आपण सहज म्हणतो. पण कोणी काय शिकायचे, हे जन्मानेच ठरलेले असे.

४/ १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हिंगणघाटचा कापूस आधीच नावाजलेला होता. आता तो गाठींच्या रूपाने बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे स्वस्त सूत व कापड गावात येऊ लागले. अनेक महार विणकर गिरणीकामगार झाले. चरखा निरुपयोगी ठरला. देशात इतरत्रही हेच घडले होते. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिणाऱ्या गांधीजींनी तोवर हातमाग किंवा चरखा पाहिल्याचे आपल्याला आठवत नाही, असे आत्मकथेत लिहिले आहे. पुढे गंगाबेन मजमुदारांना तो बडोदे संस्थानातील विजापुरात सापडला. तोही अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेला.

५/ आता मुख्य प्रसंग. २२ व २३ ऑक्टोबर १९३७, वर्धा, शिक्षण परिषद, अध्यक्ष गांधीजी. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती आणि पेच पैशाचा होता: दारूबंदी करावी तर तिच्यावरील महसूल बुडतो, आणि शिक्षणाचा खर्च तर त्याच महसुलावर चालतो. गांधीजींचा तोडगा असा, की शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे आणि मुलांच्या कामातूनच हळूहळू शिक्षकांचे वेतन निघावे.

६/ याला परिषदेतच विरोध झाला. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांचा आक्षेप सरळ होता: शाळेत तयार झालेला माल बाजारात आला तर तो गरीब कारागिराच्याच पोटावर पाय देणार, आणि मुलाच्या श्रमावर शाळा चालवणे म्हणजे शिक्षण नव्हे. तरीही याच शहांना झाकीर हुसेन यांच्या समितीत घेतले गेले. विनोबा भावे, कुमारप्पा, काका कालेलकर, आशादेवी आर्यनायकम् हेही त्याच समितीत होते. आजच्या समित्यांची घडण पाहता ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

७/ डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल आला. रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटे. आकडे पाहून दचकायला होते. मात्र आर्थिक बाजूवर भर देऊन शिक्षणाचा बळी जाण्याचा धोका आहे, असा स्पष्ट इशाराही त्याच अहवालात आहे. म्हणजे शहांचे म्हणणे कागदावर तरी पोहोचले होते.

८/ विनोबांची बाजू मला अधिक विचार करायला लावते. त्यांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत रोज तासन्‌तास कातून पाहिले होते: कताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे स्वतःच्या देहावर तपासण्यासाठी. टकळी हे त्यांच्या दृष्टीने शिकवण्याचे साधन होते. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी: मुलाने मोजायला घेतले की गणित सुरू. कापूस कुठे पिकतो, हा भूगोल. तो मँचेस्टरला का गेला, हा इतिहास. या सांगडीलाच नई तालीममध्ये ‘समवाय’ म्हणत. माझ्या मते अर्थकारणात शहा बरोबर होते आणि अध्यापनात विनोबा. दुर्दैव असे, की अनेक शाळांत समवाय गळाला आणि टकळीचा तास तेवढा उरला.

९/ आणखी एक पेच होता. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या हातकामच केले, त्या घरांना मुलाच्या हाती पुस्तक हवे होते. त्यांना पुन्हा टकळी देणे हा सन्मान की मागे ढकलणे? सर्व जातींच्या मुलांनी एकत्र कातावे, हा योजनेचा सर्वांत धाडसी भाग होता. पण वरच्या वर्गाची मुले इंग्रजी शाळेत जात राहिली, तर त्या धाडसाला अर्थ उरत नव्हता. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला आणि टकळी मागे पडली. मराठीत ती आता बडबड्या माणसाच्या तोंडीच तेवढी ‘चालू’ असते.

१०/ प्रत्यक्ष पाहायचे असेल तर वर्ध्याचे मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा नई तालीमच्या वाटेने चालते आहे. आणि घरी कोणी १९५०–६० च्या दशकांत शाळेत गेलेले असेल, तर त्यांना दोन प्रश्न विचारा: शाळेत टकळी होती का? आणि काढलेले सूत पुढे कुठे जाई? मिळालेली उत्तरे गाव आणि साल घालून खाली लिहा.