तळटीप १४ : सेंटिनल केंद्र

१४. एचआयव्हीच्या प्रसाराचा कल पाहण्यासाठी नेमलेला ठरावीक दवाखाना. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) १९९८पासून हे सर्वेक्षण देशभर दरवर्षी, पुढे दर दोन वर्षांनी केले. मुंबई उपनगर (वांद्रे ते दहिसर, कुर्ला ते मुलुंड, १९९०पासून वेगळा जिल्हा) त्यात शहरापासून स्वतंत्र मोजले जाते. बाळंतपणासाठी नाव घालायला आलेल्या स्त्रीचे रक्त गरमीच्या (सिफिलिस) तपासणीसाठी घेतलेच जाई. त्यातले उरलेले, नाव काढून टाकून, एचआयव्हीसाठी तपासत. साधारण तीन महिन्यांत ओळीने ४०० नमुने.

सरकारी दवाखान्यातल्या गरोदर बायका म्हणजे सगळी अंधेरी-घाटकोपर नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. खाजगी नर्सिंग होममध्ये जाणाऱ्या यात येत नाहीत, पुरुष तर नाहीतच. पण दरवर्षी केंद्र तेच आणि रीत तीच राहिली, तर चूकही जवळपास तेवढीच राहते आणि चढउतार खरा दिसतो. एकूण रुग्णसंख्या काढायला मात्र ही मोजणी अपुरी. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी रक्त तपासले गेले, केंद्रेही वाढली, आणि २००७मध्ये देशाचा अंदाज सुमारे ५७ लाखांवरून २५ लाखांवर आला. साथ अर्धी झाली नव्हती. हिशेब सुधारला होता. शिवाय २००४पासून मोफत औषधोपचार सुरू झाल्याने बाधित अधिक जगू लागले, त्यामुळे नवी लागण घटूनही टक्केवारी टिकून राहू शकते. वरील परिच्छेदातील आकडा गरोदर स्त्रियांपुरताच वाचावा.