तळटीप : ‘रांगडा’चे मूळ

मूळ लेखात कोल्हापूरच्या पैलवानाला लावलेले ‘रांगडा’ हे विशेषण आज अस्सल कोल्हापुरी मानले जाते. माझ्या मते ते बाहेरून आले. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रव्यवहारात ‘रांगडे’ म्हणजे माळवा-राजपुतान्याकडचे रजपूत. भाषातज्ज्ञ ग्रियर्सननेही भारताच्या भाषासर्वेक्षणात (1908) माळव्यातल्या रजपुतांच्या बोलीला ‘रांगडी’ म्हटले आहे. मराठ्यांची स्वाऱ्यांत ज्यांच्याशी गाठ पडे, त्यांचे नाव आधी ‘आडदांड’ या अर्थाने हिणवायला वापरले गेले असावे, कौतुकाची छटा नंतरची. भुदरगडाकडच्या रांगणा किल्ल्याशी या शब्दाचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण त्यातून ‘रांगणेकर’ सहज होतो. ‘ण’ जाऊन ‘ड’ कसा आला, हे सांगता येत नाही. शिवाय माळव्यातल्या बोलीचे नाव कोल्हापूरच्या किल्ल्यावरून कसे पडेल? रजपुतांचे नाव ‘रांगडे’ आणि मराठी विशेषण ‘रांगडा’ हे दोन्ही शब्द केवळ सारख्या उच्चाराचे, मुळात वेगळे, हा माझ्या मतावरचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी समूहाचे नाव स्वभावदर्शक होणे मराठीला नवे नाही: ‘बेरड’ हे जमातीचे नाव (अन्यायानेच) निर्लज्जाला चिकटले. ‘रांगडा’ मात्र शिवीतून सुटला आणि मानाने तालमीत शिरला.